झाकलेला रकाना

मला कोणी विचारलं की बाई तुमचा धंदा काय, तर मी सांगते, लोकांचा पसारा आवरणं. बल्गेरियातल्या रुसे शहरात वेबसाइट करून देणाऱ्याला दुसरं काम तरी काय असतं? गिऱ्हाईक पोतंभर कचरा आणून टेबलावर ओततं आणि म्हणतं, यातून काहीतरी छानसं करा. मी आणि मित्को, आम्ही दोघं बारा वर्षं तेच करत आलो. आमच्या संस्थेचं नाव 'दोन खुर्च्या', कारण बेकरीवरच्या एका खोलीत सुरुवात केली तेव्हा खरोखर दोनच खुर्च्या होत्या. त्यातली एक डुगडुगायची. ती मित्कोने घेतली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "तू चिडलीस की मागे रेलतेस. पडशील." तेव्हापासून मी त्या माणसाच्या पाठीशी डोळे मिटून उभी राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. हिवाळा निघेल की नाही, अशी अवस्था आली. मला मूलबाळ नाही, नवरा होता तो बुखारेस्टला गेला आणि तिकडचाच झाला. 'दोन खुर्च्या' बंद पडली तर माझ्याकडे काय उरणार, याचा विचार मी करतच नव्हते, कारण उत्तर माहीत होतं.

अशा वेळी राइनामावशींनी ते काम आणलं. राइनामावशी म्हणजे आमच्या वेब संस्थांच्या संघाच्या चिटणीस. विदिनपासून दोब्रिचपर्यंत तीनशे बारा संस्था, आणि त्या सगळ्यांची माहिती मावशींच्या एका स्प्रेडशीटमध्ये. अकरा वर्षं त्यांनी ती एकटीने वाढवली होती, माणसं बाल्कनीत टोमॅटो वाढवतात तशी.

"अगं कालिना, मी आता निवृत्त होणार," त्या म्हणाल्या. "हे सगळं लोकांना शोधता येईल असं करून दे. शाळेला, दवाखान्याला, कोणालाही वेबसाइट हवी असली की नाव, गाव टाकलं, संस्था सापडली. पैसे नाहीत हं संघाकडे. पण पानाच्या तळाशी तुमचं नाव टाकू. बनवणार, दोन खुर्च्या."

त्या एका ओळीसाठी मी हो म्हटलं. उत्तर बल्गेरियात ज्याला ज्याला वेबसाइट हवी, तो ती ओळ वाचणार. हिवाळा निघाला असता.

तीन महिने मी त्या यादीत डोकं घालून बसले. आमच्याच शहराचं नाव मावशींनी पाच तऱ्हांनी लिहिलं होतं. फोन नंबरांमध्ये कुठे कंस, कुठे टिंब, कुठे 'दुपारी करू नये'. एकच संस्था तीन ओळींत, कारण मालकांचं आपसात दोनदा भांडण झालं आणि दोनदा समेट झाला. सगळं धुऊन, घासून, वाळत घातलं. मित्को अधूनमधून येऊन खुर्चीमागे उभा राहायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मग म्हणायचा, "कॉफी आणू?" मी म्हणायचे, आण. एकदा मात्र त्याने मदत केली. शोधून काहीच सापडलं नाही तर पानावर काय लिहायचं, यावर मी अडले होते. तो म्हणाला, "लिही, असं कोणी सापडलं नाही. नाव नीट लिहिलंय ना?" मी हसले. तेच ठेवलं.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्प्रेडशीटच्या डोक्यावर रकान्यांची अक्षरं असतात. मावशींच्या शीटमध्ये 'जी'नंतर एकदम 'आय' होतं. मधला एच दिसत नव्हता. शाळकरी पोराला कळावं की मधला रकाना कोणीतरी झाकलाय. मी नवख्यांना हेच शिकवते. आणि मी काय केलं? झाकलाय म्हणजे जुना, रिकामा असेल, असं म्हणून पुढे गेले. पानावर दाखवताना मी नाव, गाव, पत्ता, फोन, काय काय काम करतात, एवढंच घेतलं. पण शोध मात्र अख्ख्या ओळीत लावला. म्हटलं, जास्त शोधेल तर जास्त सापडेल. आणि ती अख्खी ओळ पानाबरोबर जगाला पाठवून दिली. अक्कल गहाण टाकल्यावर माणूस आणखी काय करणार!

यादी खुली करण्याचा सोहळा ठेवला संत दिमितरच्या दिवशी, सव्वीस ऑक्टोबरला, सकाळी अकराला. मित्कोचं खरं नाव दिमितर, म्हणजे त्याचा नावदिवस, ज्या संताचं नाव ठेवलंय त्याचा सण. त्याने रीतीप्रमाणे चॉकलेटची मोठी पेटी आणली होती आणि दारातच उभा राहून प्रत्येकाला एकेक देत होता. लोक चॉकलेट उचलत होते, "नाव शुभ असो, शंभर वर्षं जग" म्हणत होते. शंभरेक माणसं, सगळी आमच्याच धंद्यातली. राइनामावशी केस करून आल्या होत्या, मांडीवर शेवंतीचा गुच्छ.

"संध्याकाळी येतेयस ना घरी?" मित्कोने मला विचारलं. नावदिवसाला आमच्याकडे कोणी आमंत्रण देत नाही, दार उघडं असतं आणि माणसं येतात. बारा वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं.

"न यायला काय झालं? कोंबडा सिल्विया करतेय ना?" सिल्विया म्हणजे त्याची बायको.

"सिल्वियाच."

"मग येते. तू केला असतास तर विचार केला असता."

तो हसला नाही. मला वाटलं, गर्दीमुळे.

अध्यक्ष ओग्न्यान काराजोव्ह भाषणाला उभे राहिले. वार्नात त्यांची चाळीस माणसांची संस्था आहे, आवाज त्याहून मोठा. "कालिनासारखी माणसं आहेत म्हणून आपला संघ आहे," ते म्हणाले. "तीन महिने, एक पैसा न घेता!" टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, पण खरं सांगू? फार बरं वाटलं.

मग पडद्यावर पान उघडलं. पहिला शोध बाहेरच्या माणसाने घ्यावा म्हणून एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं होतं. बिचाऱ्या नीट तयारी करून आल्या होत्या.

"मला गाव कुठलंही चालेल," त्या माइकवर म्हणाल्या. "काम वेळेवर देणारं माणूस हवं." आणि त्यांनी चौकटीत टाइप केलं, वेळेवर.

सव्वीस संस्था आल्या. सगळ्यात वर काराजोव्ह.

अध्यक्षांनी छाती फुगवली. सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. काराजोव्हकडून काम वेळेवर आलेलं उत्तर बल्गेरियात कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्याखालची नावंही तशीच, एकाहून एक रेंगाळणारी. मी पडद्याकडे बघत राहिले. 'वेळेवर' हा शब्द माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता. मग हे कशात सापडलं?

बाहेरच्या लोकांसमोर हे झालं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण समोर शंभर माणसं या धंद्यातली होती. त्यांना माझ्याआधी कळलं. अर्ध्या मिनिटात शंभर फोन बाहेर आले.

"अरे, 'चोर' टाकून बघ!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चार आहेत!"

"'दारू' टाक, 'दारू'!"

"ए, तुझंच नाव आलंय, बस खाली!"

यावोर म्हणून एक आहे, प्लेवेनचा, जीभ वस्तऱ्यासारखी. तो खुर्चीवरच चढला. "कालिनाताई, शोधायचीसुद्धा गरज नाही! अख्खी फाइल उघड्यावर पडलीय. एच रकाना. वाचून दाखवू?" आणि त्याने वाचलं. "काराजोव्ह. काम कधीच वेळेवर देत नाही, गिऱ्हाइकं रडत माझ्याकडे येतात. भाषण लांबवतो, आधी खायला घालावं."

हशाने छत उडायची वेळ आली. पण तो हशा चढता चढता मध्येच मेला, कारण प्रत्येकजण आता स्वतःची ओळ शोधत होता. मी चेहरे पाहत होते. एकेका चेहऱ्यावरचं हसू पुसलं जात होतं. दोन भागीदार शेजारी शेजारी बसले होते, ते उठून दोन टोकांना गेले. तिसऱ्या रांगेत सिलिस्त्राची ह्रिस्तिना होती. तिने फोन पालथा मांडीवर ठेवला आणि सरळ समोर बघत बसली. तिच्या ओळीत काय आहे, ते मला नंतर कळलं. 'मार्चमध्ये फोन करू नये. मूल गेलं त्याचा महिना. कोणाला सांगितलेलं नाही, मला सांगितलं.'

मी अजून पडद्यापुढेच उभी होते.

"कालिना." मित्को माझा दंड धरून उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर."

मी लॅपटॉप ओढला. संकेतशब्द दोनदा चुकला. पान बंद व्हायला सात मिनिटं लागली. सात मिनिटांत या माणसांनी त्या फाइलीच्या किती प्रती केल्या असतील, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

राइनामावशी पहिल्या रांगेतच बसलेल्या होत्या. गुच्छ खाली पडला होता. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"मी झाकला होता गं तो," त्या म्हणाल्या. "फोनवर माणसं बोलतात, मी लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी चुकून दुखवू नये कोणाला म्हणून. झाकला होता मी, कालिना. झाकला होता."

"माझी चूक आहे, मावशी. तुमची नाही."

"झाकला होता," त्या परत म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावून एकाएकी रडू लागल्या. "माफ कर मला, पोरी."

मी म्हटलं, अहो, तुम्ही कसली माफी मागता, माफी मी मागायची. त्यांनी नुसती मान वळवली.

मी उभी राहिले आणि शिव्या खायला तयार झाले. खऱ्या शिव्या, रुसेच्या बाजारातल्या. मी काराजोव्हांपुढे गेले, ते फोनवर असल्यासारखं करून बाहेर सटकले. यावोर वाटेत आला. म्हटलं, आता हा सोलून काढणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, जीभ ओठांवरून फिरवली आणि हळू आवाजात म्हणाला, "कालिनाताई, पाणी देऊ का?"

यावोर! ज्याने स्वतःच्या आजीच्या श्राद्धाच्या जेवणात पाद्रीबाबांची नक्कल केली होती, तो यावोर मला पाणी विचारत होता. मी वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणाच्याच नजरेत राग नव्हता. माझ्यामुळे ज्यांची अब्रू चव्हाट्यावर आली, ती माणसं माझी कीव करत होती.

मी मित्कोला शोधलं. तो नव्हता. दाराजवळच्या टेबलावर चॉकलेटची पेटी तेवढी होती, अर्धी भरलेली.

मी तिथेच, टेबलाच्या कडेला लॅपटॉप ठेवला, मावशींची मूळ शीट उघडली आणि झाकलेला रकाना उघडला. अकरा वर्षांची बारीक अक्षरं. आमची ओळ एकशे अठ्ठ्याऐंशीवी. मी खाली खाली जात राहिले.

'मित्को एक जानेवारीपासून काराजोव्हकडे, वार्ना. कागद झाले. कालिनाला माहीत नाही. यादी पुरी होईपर्यंत सांगायचं नाही असं तिघांचं ठरलं.'

मी ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला गेले तर अक्षरं दिसेनात. बारा वर्षं मी ज्याच्या शेजारी बसले, त्याच्या जाण्याचे कागद झाले होते आणि हे मावशींना माहीत होतं. टाळ्या वाजवायला लावणाऱ्या काराजोव्हला माहीत होतं. आता विदिनपासून दोब्रिचपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि ते मीच, माझ्या हातांनी, शोधता येईल असं करून दिलं होतं. मला हसू आलं. फार घाणेरडं हसू होतं ते.

मी घरी गेले नाही. डॅन्यूबच्या काठावर बाकावर बसून दुपारभर एकच काम केलं. एच रकाना पुसला. झाकला नाही, पुसला. दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं, मग फक्त दिसायचे तेवढेच रकाने ठेवून नवी फाइल केली. ह्रिस्तिनाला फोन केला. तिने उचलला. मी म्हटलं, मला क्षमा कर. ती म्हणाली, "मार्चमध्येही फोन कर, चालेल," आणि ठेवला. मग मी लॅपटॉप काखेत मारला आणि मित्कोच्या घराकडे निघाले.

सहा वाजले होते. चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत दोन टेबलं जोडून वीस माणसांची ताटं मांडलेली. मधोमध मातीच्या भांड्यात कोंबडा, लोणच्याच्या वाट्या, रकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, बाटल्या न उघडलेल्या. आणि माणूस एकही नाही. दरवर्षी या घरात खुर्च्या कमी पडून लोक खिडकीत बसायचे. आज कोणाला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं.

मित्को टेबलाच्या टोकाला बसला होता, पांढरा शर्ट घालून. सिल्विया स्वयंपाकघराच्या दारात. तिने मला पाहिलं आणि आत गेली.

"तू येशील असं वाटलं नव्हतं," मित्को म्हणाला.

"दार उघडं होतं."

मी बसले. तो रकिया ओतायला गेला, पण मीच त्याच्याकडून बाटली घेतली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जूनपासून. तीनदा सांगायला आलो तुला. तीनही वेळा कॉफी आणली."

"तरी म्हटलं, एवढी सेवा का चाललीय."

"मला पगार हवा होता, कालिना. दर महिन्याला, ठरलेला. बारा वर्षांत पुढच्या महिन्याचं कधी कळलं आपल्याला? पोरगी कॉलेजला जाईल आता."

"मग तसं सांगायचं! मी काय तुला बांधून ठेवलं असतं? शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी तुझं सामान मीच उचलून दिलं असतं."

"आणि यादी?"

"यादी गेली असती खड्ड्यात."

"म्हणूनच," तो म्हणाला. "मावशी म्हणाल्या, यादी पुरी होऊ दे, तळाशी तिचं नाव लागू दे, मग सांग. तुझा तेवढा तरी आधार व्हावा म्हणून. काराजोव्हला संघाचं फुकटचं काम दिसत होतं, पण आम्हाला खरंच वाटलं..."

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. यातलं काहीच केलं नाही. लोणच्याची वाटी सरकवून लॅपटॉप टेबलावर ठेवला, यादी उघडली आणि आमच्या ओळीवर नेली. माणसं दोन. संपर्क, कालिना आणि मित्को. तीनशे बारा संस्थांत एकोणीस दिमितर आहेत, सगळे आपलं पूर्ण नाव लावतात. मित्को हा एकच, कारण ती ओळ मी भरली होती.

"बदल," मी म्हटलं.

"कालिना, आज नको."

"आजच. यादी पुरी झाल्यावर सांगायचं होतंस ना? झाली. सांग."

त्याने दोनच्या जागी एक केलं. स्वतःचं नाव पुसताना एकेक अक्षर मागून पुसलं, आणि शेवटच्या अक्षरावर त्याच्या नाकातून पाणी टपटप गळायला लागलं. शर्टाच्या बाहीने त्याने ते पुसलं.

"संस्थेचं नाव काय करणार?" त्याने विचारलं.

"ते राहील. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नको?"

मी यादी पुन्हा जगासमोर उघडली. सिल्विया कोंबडा गरम करून घेऊन आली आणि न विचारता माझ्या ताटात तंगडी वाढली. मी दोन घास खाल्ले. मग चालतंय की नाही ते बघायचं म्हणून शोधाच्या चौकटीत टाइप केलं, मित्को.

'असं कोणी सापडलं नाही. नाव नीट लिहिलंय ना?'

मी नीटच लिहिलं होतं.